अक्षय ऊर्जानिर्मितीतील प्रादेशिक भिन्नता : मुंबई आणि घाटमाथा

मागील उपघटकात आपण ऊर्जासाधनांचे प्रकार पाहिले. ही साधने सर्वत्र सारख्या प्रमाणात का उपलब्ध नसतात, आणि एका प्रदेशाची वीज दुसऱ्या प्रदेशाने वापरली म्हणजे काय घडते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम मुंबई उपनगरातील मानखुर्दचे उदाहरण घेऊ. एक किलोवॉट क्षमतेच्या सौर संचाला साधारणतः १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. म्हणजे येथील दहा बाय दहाच्या खोलीचे छप्पर हिशेबाने पुरेसे आहे. त्यातून दिवसाला सुमारे ४ युनिट वीज मिळू शकेल. प्रत्यक्षात त्या पत्र्यावर पाण्याची टाकी असते, ताडपत्री असते, पुष्कळदा वरचा मजलाही चढलेला असतो. ऊन आहे, परंतु ते झेलण्यास जागा नाही. अशा दाट वस्तीच्या प्रदेशाला वीज मुख्यतः बाहेरूनच आणावी लागते.

मुंबईने ती शंभर वर्षांपूर्वीच आणली. खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) ही टाटांची जलविद्युत केंद्रे सह्याद्रीच्या पायथ्याशी उभी राहिली ती भूरचनेमुळे. घाटमाथ्यावर पाऊस विपुल पडतो. तेथील नद्या मात्र पूर्वेकडे वाहतात. त्यांचे पाणी धरणात अडवून पश्चिमेकडे सुमारे ५०० मीटर खाली सोडले की थोड्या पाण्यातूनही पुष्कळ वीज मिळते. पठारावर एवढा उतार नाही.

या सोयीची किंमत कोणी दिली, हे पाहणे आवश्यक आहे. भिरा केंद्रासाठी मुळशीचे धरण बांधताना मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. त्याविरुद्ध १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला. त्याच्या नेतृत्वामुळे पांडुरंग महादेव बापट हे ‘सेनापती’ म्हणून ओळखले जाऊ लागले. धरण तरीही झाले. शिवाय वीज निर्माण करून पाणी कुंडलिकेवाटे अरबी समुद्राकडे जाते. पूर्वेकडील भीमा खोऱ्याला, म्हणजे सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण भागाला, ते मिळत नाही. जलविद्युत ‘स्वच्छ’ म्हणताना पाण्याचा हा प्रश्न सहसा विसरला जातो. १९६० मेगावॉट क्षमतेच्या कोयना प्रकल्पाचे पाणीही असेच वाशिष्ठीत उतरते.

इतर साधनांचे वितरणही निसर्गाधीन आहे. पवनचक्क्या साताऱ्यातील वनकुसवडे, चाळकेवाडीच्या उघड्या पठारांवर आणि धुळ्यातील ब्राह्मणवेलला आढळतात. त्यांची निर्मिती नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या महिन्यांत सर्वाधिक असते. नेमक्या त्याच काळात ढगांमुळे सौर निर्मिती घटते, म्हणून ही दोन साधने परस्परपूरक ठरतात. उसाच्या पट्ट्यात साखर कारखाने बगॅसपासून वीज करतात, पण ती प्रामुख्याने गाळप हंगामात.

स्वाध्याय : आपल्या परिसरात कोणते अक्षय ऊर्जासाधन उपलब्ध आहे? त्यापासून वीज निर्माण झाल्यास ती कोण वापरील आणि जमीन व पाणी कोणाचे जाईल, हे सुमारे १५० शब्दांत लिहा.