खुडूक कोंबडीला शिव्या देऊ नका

शंका : गेल्या पावसाळ्यात दरड कोसळून आमच्या वाडीचा रस्ता चार दिवस बंद होता. अडीअडचणीला घरची अंडी असावीत म्हणून सहा गावठी कोंबड्या पाळल्या. पण दहा-बारा अंडी झाली की एकेक खुडूक होऊन बसते. शेजारच्या काकू म्हणतात, गार पाण्यात बुडवून काढ. काढू का? आणि कोंबडा नसला तरी अंडी मिळतील ना?
— एक भगिनी, खेड (रत्नागिरी)

समाधान : कोंबडा पिल्लांसाठी लागतो, अंड्यांसाठी नाही.

आता खुडूकपणाचं. ताई, गावठी कोंबडी वर्षाला 60-70 अंडी देते. गिरिराज, वनराज या सुधारित जाती दुपटीच्याही वर जातात, पण त्या सहसा उबवायला बसत नाहीत. त्यांची पिल्लं दर खेपेला विकत आणावी लागतात. रस्ता बंद, की पिल्लंही बंद! तुमची खुडूक कोंबडी मात्र विजेशिवाय खुराडं भरून देते. डालग्यात कोरडा पेंढा घालून आठवड्याच्या आतली दहा-बारा अंडी तिच्याखाली ठेवा. ती फळलेली हवीत, म्हणजे इथे कोंबडा लागलाच. सातव्या रात्री अंडं बॅटरीसमोर धरा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर परत ठेवा, आरपार स्वच्छ दिसलं तर काढून टाका. 21व्या दिवशी पिल्लं.

पिल्लं नकोच असतील तर तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात तिला तीन-चार दिवस ठेवा, दाणापाणी चालू ठेवा. पोटाखालून वारा लागला की खूळ उतरतं. पाण्यात बुडवणं मला तरी पटत नाही.

चार दिवसांच्या अडचणीसाठी अंड्यांआधी दाण्याचा विचार करा. एका कोंबडीला दिवसाला साधारण 100 ग्रॅम दाणा लागतो. परसात फिरली तर बराचसा खर्च ती स्वतःच भागवते, पण मुसळधार पावसात फिरणार कुठे? तांदळाची कणी, मका मे महिन्यातच खडखडीत वाळवून पत्र्याच्या डब्यात भरा. बुरशी धरलेला मका घालू नका, त्याचं विष थेट यकृतावर जातं. अंडीही धुऊन ठेवू नका, कवचावरचा राप निघून ती लवकर नासतात.

शंका : मानमोडीची लस 100 मात्रांच्या कुपीत मिळते. माझ्या आठच पक्ष्यांसाठी एवढी घेऊ?
— एक वाचक, सावंतवाडी

समाधान : एकट्याने नको, वाडीने मिळून घ्या. तुमच्या आठांना टोचून शेजाऱ्यांच्या कोंबड्या तशाच राहिल्या, तर रोग वाडीत फिरतच राहतो. कुपी बर्फात आणा. कालवल्यावर लस दोनेक तासांत संपवायची असते, म्हणून संध्याकाळी पक्षी खुराड्यात शिरले की घरोघर फिरा. पटापट मरतूक सुरू झाली तर मेलेले पक्षी ओढ्यात टाकू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या.

शंका : दुधासाठी एक उस्मानाबादी शेळी पुरेल?
— एक वाचक, औसा

समाधान : चहापुरतं दूध होईल. गाभण काळ पाच महिन्यांचा, त्यातले शेवटचे दोन महिने दूध आटवायचं. म्हणून दोन घ्या आणि आळीपाळीने भरवा. शिवाय एकटी शेळी ओरडून गल्ली जागी ठेवते. चाऱ्यासाठी शेवरी मात्र शेळीच्या आधी बांधावर लावा.