मुदत संपायच्या आधी

एका पतसंस्थेचा सगळा हिशेब मायएसक्यूएल ५.७ वर चालायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या आवृत्तीची मुदत संपली की सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं बंद होणार होतं. लोकांच्या ठेवी त्यात नोंदलेल्या, म्हणून ८.० वर जाणं भागच होतं. त्या कामात जे शिकलो ते असं :

१. डेटाबेसला कोण कोण जोडलेलं आहे, त्याची यादी आधी करा. पासबुक छापणारा जुना प्रोग्राम आमच्या कुणाच्याच लक्षात नव्हता. ८.० मध्ये नवं लॉगिन तयार केलं की पासवर्ड तपासायची पद्धत आपोआप नवी लागते. त्या प्रोग्रामच्या जुन्या ड्रायव्हरला ती कळेना.

२. मायएसक्यूएल शेलमध्ये अपग्रेडपूर्वी तपासणी करायची सोय आहे, ती जरूर वापरा. 'रँक' हा ८.० मध्ये राखीव शब्द झालाय; त्या नावाचा आमचा कॉलम तिथेच सापडला. पण ही तपासणी टेबलं बघते. कोडमध्ये लिहिलेल्या क्वेऱ्या आपल्यालाच चाळाव्या लागतात.

३. रंगीत तालमीला रोज काम करणारं माणूस बसवा. आम्ही बेरजा जुळवल्या, पैशापर्यंत बरोबर आल्या, आम्ही खूश. मग कॅशियर मॅडमनी पिग्मी एजंटांची रोजची यादी छापली, शेजारी रजिस्टर उघडलं आणि लाल पेन हातात घेऊन थांबल्या. "अहो, नंबर मागेपुढे झालेत. मी टिक कशी करू?" ५.७ मध्ये 'ग्रुप बाय' लिहिलं की यादी आपसूक क्रमाने यायची, ८.० मध्ये 'ऑर्डर बाय' स्वतः लिहावं लागतं. पंधरा वर्षांची क्वेरी, कुणी ते लिहिलंच नव्हतं. मॅडम नसत्या तर हे सोमवारी सकाळी, काउंटरवर रांग असताना कळलं असतं. त्यानंतर प्रत्येक रिपोर्ट आम्ही त्यांच्यासमोर जुन्या छापील कागदाशी ताडून पाहिला. चार संध्याकाळी गेल्या, पण त्या मला सगळ्यात मोलाच्या वाटतात.

४. ८.० वरून ५.७ वर थेट परत येता येत नाही; हाती असतो तो फक्त बॅकअप. तो दुसऱ्या मशीनवर पूर्ण उतरवून वेळ मोजा. आम्हाला तीन तास लागले. म्हणून रविवारी दुपारी दोनला 'पुढे की मागे' हे ठरवायचं, असं आधीच लिहून ठेवलं होतं.

५. पुढची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा. ८.० ची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतचीच. पुढे ८.४ आली, तेव्हा तिच्या तालमीसाठी मॅडमच्या चार संध्याकाळी आम्ही आधीच मागून घेतल्या.