गोळी झिजते ती कुठे जाते?

दर पावसाळ्याच्या आधी मी ट्रंकेत मूठभर डांबरगोळ्या टाकायची. दिवाळीनंतर ट्रंक उघडली की त्या वाटाण्याएवढ्या झालेल्या असायच्या, काही तर नाहीशाच. पुडीचा कागद तसाच, आत गोळी नाही, नुसता वास. तीस-पस्तीस वर्षं मी हे बघत होते. पण एवढी गोळी गेली कुठे, हा प्रश्न एकदाही मनात आला नाही. पाण्यात विरघळली नाही, जळली नाही, उंदरांनी पळवली नाही. मग?

ती कपड्यांत गेली होती. हे कळलं तेव्हा माझा नातू पाच दिवसांचा होता आणि डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या उजेडाखाली पडला होता.

लेक पहिलटकरीण म्हणून साताऱ्याला माझ्याकडे आली होती. बाळाला पहिले कपडे जुने, मऊ झालेले घालायचे, ही आमच्याकडची पद्धत. मी ट्रंक काढली. लेकीची स्वतःची कुंची, झबली, आणि माझ्या आईनं तिच्या जुन्या नऊवारीची शिवलेली चार दुपटी. एवढ्या वर्षांत एकालाही कसर लागलेली नव्हती, याचा मला कोण अभिमान! श्रावण होता. ऊन नव्हतंच. कपडे झटकले, दोन तास गॅलरीत दोरीवर टाकले आणि घडी घालून दवाखान्याच्या पिशवीत भरले. वास येत होता. खरं सांगायचं तर मला तो आवडायचा. स्वच्छतेचा वास वाटायचा.

बाळ तिसऱ्या दिवशी घरी आलं. मालिशवाल्या मावशी यायला लागल्या. अंगभर तेल, टाळूवर तेल, मग आंघोळ, मग पुन्हा तेलाचा हात, आणि हातपाय आवळून दुपट्यात घट्ट बांधणं. खोलीच्या खिडक्या बंद, कोपऱ्यात शेगडी. सगळं रीतसर. चौथ्या दिवशी बाळ पिवळं दिसायला लागलं. मी म्हटलं, कावीळ सगळ्याच बाळांना होते, त्याला खिडकीशी धरून बसू. बऱ्याच बाळांना होते हे खरंच आहे, आणि म्हणूनच आम्ही एक पूर्ण दिवस घालवला. पाचव्या दिवशी सकाळी तो पाजायला घेतला तर ओढेना. तळवे पांढरे पडले होते. लंगोटावरचा डाग बघून लेक ओरडली. कोऱ्या चहाच्या रंगाचा होता.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी स्टेथोस्कोप लावण्याआधी वाकून दुपट्याचा वास घेतला.

"आजी, हे कपडे कुठे ठेवले होते?"

"ट्रंकेत."

"डांबरगोळ्या होत्या?"

"हो तर! दरवर्षी नव्या घालते," मी म्हटलं. तो माझा सूर मला अजून आठवतो.

त्यांनी आधी बाळाच्या अंगावरचं सगळं उतरवलं, अंग कोमट पाण्यानं साबण लावून पुसून काढलं आणि कपडे बांधून खोलीबाहेर ठेवायला लावले. त्या रात्री बाळाचं रक्त बदलावं लागलं. एका बाजूनं थोडं थोडं काढायचं, दुसऱ्या बाजूनं थोडं थोडं घालायचं. आम्ही बाहेरच्या बाकावर होतो. जावई माझ्याशी एक अक्षर वाईट बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

नंतर बाईंनी वहीच्या पानावर चित्र काढून समजावलं. डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलीन. दगडी कोळशाच्या डांबरातून हा पदार्थ पहिल्यांदा १८२०च्या सुमारास वेगळा केला गेला, म्हणून आपण तिला डांबरगोळी म्हणतो. ती वितळत नाही, सरळ हवा होते. तुम्हांला वास येतो याचा अर्थ ती गोळीच नाकात येते आहे. तीच हवा बंद ट्रंकेत सुताच्या धाग्याधाग्यांत मुरते. नॅफ्थलीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण तेलात सहज विरघळतं. म्हणजे अंगभर तेल चोपडून त्याच कपड्यात आवळलेलं बाळ ते विष ओढून घेण्यासाठी जणू तयारच केलेलं. माझ्या दोन्ही चांगल्या सवयी, तेल आणि दुपटं, एकत्र येऊन हे झालं होतं.

पण अशी दुपटी तर घरोघरी वापरतात. मग ह्याच बाळाला का? कारण त्याच्या लाल पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं एक विकर कमी आहे. नॅफ्थलीन शरीरात गेलं की त्यापासून जे पदार्थ तयार होतात ते लाल पेशी जाळतात. हे विकर असेल तर पेशी तगतात, नसेल तर फुटतात. फुटलेल्या पेशींची कावीळ, त्यांचाच चहासारखा रंग. ही कमतरता बहुतेक मुलग्यांत दिसते आणि आईकडून येते. लेकीकडे ती कुणाकडून आली म्हणून आमच्या दोघांच्याही तपासण्या केल्या. ह्यांचं विकर व्यवस्थित निघालं. म्हणजे ट्रंकही माझी आणि हा वारसाही माझाच.

एक बारकावा सांगते, कारण तो आम्हांलाही उशिरा कळला. पेशी फुटत असताना ही तपासणी केली तर कधी कधी ठीक निघते. जुन्या पेशी मेलेल्या असतात, उरलेल्या नव्या पेशींत विकर जरा जास्त असतं. शिवाय रक्त बदललं असेल तर मोजलं जातं ते दात्याचं. म्हणून पहिला रिपोर्ट नीट आला तरी काही महिन्यांनी पुन्हा तपासून घ्या. आमचं निदान दुसऱ्या खेपेलाच झालं.

आता थोडं त्या गोळीच्या लायकीबद्दल. ती कसर पळवते असं आपण म्हणतो, पण पळवत नाही. घट्ट बंद पेटीत तिची हवा साचली तर अळ्या मरतात. उघड्या फडताळात, बेसिनमध्ये टाकली तर ती कुणालाच पळवत नाही, फक्त आपल्या नाकाला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. गावाकडे साप येऊ नये म्हणून दाराशी गोळ्या ठेवतात. साप त्यांना मोजत नाही, पण रांगणारं पोर त्यांना पेपरमिंट समजतं. युरोपीय संघानं २००८ मध्ये घरगुती नॅफ्थलीनच्या गोळ्या बंद केल्या. आपल्याकडे त्या किराणा दुकानात साखरेशेजारी मिळतात.

मुलानं गोळी गिळली, किंवा नुसती चोखली तरी, उलटी करायला लावू नका आणि दूध पाजू नका. आपला हात आधी दुधाकडे जातो, विष मारतं म्हणून. पण दुधातल्या स्निग्धांशानं नॅफ्थलीन उलट जास्त शोषलं जातं. पाकीट सोबत घ्या आणि दवाखाना गाठा, पोर हसतखेळत असलं तरी. त्रास एक ते तीन दिवसांनीही सुरू होतो, आणि तोवर घरचे विसरून गेलेले असतात. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र चोवीस तास फोनवर सल्ला देतं. पाकीट हरवलं असेल तर तशीच एक गोळी सोबत न्या. बाजारात पॅराडायक्लोरोबेन्झीनच्याही पांढऱ्या गोळ्या मिळतात. मीठ विरघळायचं थांबेपर्यंत ढवळलेल्या पाण्यात नॅफ्थलीन तरंगतं, ती दुसरी गोळी बुडते. कापूर साध्या पाण्यावरही तरंगतो.

कापराचं नाव निघालं म्हणून सांगते. सर्दीला कापूर-ओव्याची पुरचुंडी बाळाच्या गळ्यात अडकवतात. कापूरही तसाच उडून जाणारा. पोटात गेला तर काही मिनिटांत झटके येऊ शकतात, आणि त्याला फार मोठी वडी लागत नाही. देवघरातला डबा माझ्याकडे आता वरच्या फळीवर असतो.

डासांचं प्रकरण मी मुद्दाम शिकले. कारण व्हायवॅक्स हिवताप झाला की यकृतात दडलेले जंतू मारायला प्रायमाक्वीन देतात, आणि ते औषध जी-सिक्स-पीडी कमी असलेल्यांच्या पेशी अशाच फोडतं. किंबहुना ह्या कमतरतेचा शोधच १९५० च्या दशकात प्रायमाक्वीनमुळे लागला. म्हणजे ह्या पोराला डास चावू न देणं हीच अर्धी काळजी. आणि तिथेही माझ्या लक्षात आलं, की डास पळवणारं, डास मारणारं आणि नुसता धूर करणारं, हे सगळं आपण एकाच नावानं विकत घेतो.

डीट खऱ्या अर्थानं पळवतं. अमेरिकी लष्करानं १९४६ मध्ये आणलेलं हे रसायन अंगावर लावलं की डास मरत नाही, त्याला तुम्ही सापडत नाही. बाटलीवरचा टक्का म्हणजे ताकद नव्हे, टिकण्याचा वेळ: दहा टक्के म्हणजे साधारण दोन तास, पुढे वाढतो, पण पन्नासच्या वर फारसा फरक पडत नाही. दोन महिन्यांखालच्या बाळाला लावूच नका, त्याला मच्छरदाणी. मोठ्या मुलाला आपल्या तळहातावर घेऊन लावा, त्याच्या हातांना नको, कारण हात तोंडात जातात. कपड्याखालच्या अंगाला नको, आणि घरात आल्यावर धुऊन टाका. सनस्क्रीन लावायचं असेल तर ते आधी. डीट प्लॅस्टिक खातं; ह्यांनी लावून घड्याळ चढवलं तर त्याची काच धुरकट झाली आणि आठवडाभर मला घड्याळजीचं बिल ऐकावं लागलं. निलगिरी-लिंबाच्या तेलाचं नैसर्गिक म्हणून विकतात ते तीन वर्षांखालच्यांना लावत नाहीत. नैसर्गिक हा शब्द दिसला की माझी पाठ आता उगाच ताठ होते.

प्लगमधलं द्रव मात्र नुसतं पळवत नाही, मारतंही. रात्रभर लावायचं असेल तर एक खिडकी उघडी हवी, आणि बाटली पोराच्या हाती लागता कामा नये. कॉइलचा धूर म्हणजे धूरच. एका कॉइलमधून निघणारे बारीक कण पंचाहत्तर ते एकशे सदतीस सिगारेटींइतके भरतात, असं २००३ च्या एका अभ्यासात मोजलं होतं. बाळंतिणीच्या खोलीतल्या धुरीबद्दलही मला आता तसंच वाटतं, पण त्यावर आमच्या मावशींशी वाद घालण्यात अर्थ नाही. मी शेगडीच गच्चीवर नेऊन ठेवली. आवाजानं डास पळवणाऱ्या यंत्रांचे पैसे वाचवा आणि जाळीला लावा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, तेव्हा दुपारी झोपलेल्या मुलावरही मच्छरदाणी हवी.

कपड्यांचं म्हणाल तर कसर मळलेल्या, घामट कपड्यावर जगते. कपडे धुऊन, कडकडीत वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले की बरंच काम झालं. बाकी वेखंडाचे तुकडे आणि कडुलिंबाची सुकी पानं. खरंच काम करतात का, मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण ती मोठ्यांच्या शालींत. बाळाच्या कपड्यांत तेही नको. डांबरगोळ्यांतले कपडे तान्ह्यासाठी काढू नयेतच. दुसरं काही नसेल तर दोनदा धुवा आणि कित्येक दिवस उन्हावाऱ्यात ठेवा, वास पूर्ण जाईपर्यंत.

नातू आता सात वर्षांचा आहे. त्याच्या दप्तरात एक कार्ड असतं, कुठली औषधं चालत नाहीत ते लिहिलेलं. त्याला ते पाठ आहे आणि पाहुण्यांना म्हणून दाखवतो.

हल्ली सोसायटीत कुणाकडे लेक बाळंतपणाला आली की मी डिंकाचे लाडू घेऊन जाते. खोलीत शिरते, बाळाकडे बघण्याआधी घडी घातलेलं वरचं दुपटं उचलते आणि नाकाशी नेते. नव्या सुना एकमेकींकडे बघतात. बघू देत.