आजच्या पावलाचं माप

दुकानात लेकराच्या पायात बूट चढवला, की आपला अंगठा आपसूक बुटाच्या टोकाशी जातो. पुढं किती जागा उरली ते आपण चाचपतो. बोटभर उरली, तर मनात म्हणतो, असू दे, वाढता पाय आहे, वर्षभर तरी जाईल. आपण सगळे असेच वाढलो. शाळेचा गणवेश वाढत्या मापाचा, रेनकोट वाढत्या मापाचा, फ्रॉकची किनार चार बोटं दुमडून शिवलेली. त्यात कंजुषी नव्हती. एका पगारात घरभाडं, गावाकडचं देणं आणि दोन मुलांची शाळा बसवायची, तर कापडातही पुढचं वर्ष बसवावं लागे. पिंपरी-भोसरीपासून चाकणपर्यंत कितीतरी संसार याच हिशेबानं उभे राहिले.

पण आई-बाबांनो, एका वस्तूला हा हिशेब लावू नका, एवढंच सांगायला आज बसले आहे. ती वस्तू म्हणजे मुलांचे बॅलेचे बूट.

मी तो हिशेब लावला होता. लेक तेव्हा पाच वर्षांची. प्राधिकरणात घराजवळच बॅलेचा वर्ग सुरू झाला आणि तिनं हट्ट धरला. मी दोन मापं मोठे बूट घेतले, टोकाशी कापूस कोंबला आणि समाधानानं घरी आले. तिसऱ्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर मॅमनी मला आत बोलावलं. फार काही बोलल्या नाहीत. लेकीला समोर उभं केलं आणि मला वरून बुटावर हात ठेवायला सांगितला. मऊ कातड्याखाली तिची पाचही बोटं आवळलेली लागली, घट्ट मूठ वळावी तशी. "असं का गं?" मी विचारलं. ती म्हणाली, "बूट पडू नये म्हणून मी धरून ठेवते."

तीन आठवडे ते पोर नाचत नव्हतं, बूट सांभाळत होतं. आणि तक्रार एका शब्दाची नाही. लहान मुलांचं हेच असतं. बूट मोठा आहे, लहान आहे, कुठं चावतो आहे, हे त्यांना नीट सांगता येत नाही. आई-बाबांनी घातलं म्हणजे ते बरोबरच असणार, असं ती धरून चालतात.

आपल्याकडे नाचायला बूट ही गोष्टच नवी. कथक असो, भरतनाट्यम असो की लावणी, पाय उघडा आणि त्यावर घुंगरू. रोहिणीताई भाटे यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारती सुरू केली, तेव्हापासून आपल्या भागातल्या मुली कथक शिकत आल्या त्या अनवाणी पावलांनीच. टाच कुठं, चवडा कुठं, हे जमिनीनंच शिकवायचं. बॅलेच्या बुटाचंही हेच काम आहे. तो पाय झाकायला नसतो. पाऊल जमिनीवर सरकावं, वळावं, पण घसरू नये आणि सोलवटू नये, एवढ्यासाठी तो असतो. म्हणून तो पायमोज्यासारखा अंगाला बसायला हवा. बोटं आत सरळ, सपाट, पसरलेली राहिली पाहिजेत. बूट सैल झाला की बोटं आवळतात, आणि पहिल्याच वर्षी पायाला उलटी सवय लागते.

मग माप घ्यायचं कसं? आमच्या घरी ते काम लेकीच्या बाबांनी केलं. ते चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहेत, दिवसभर हातात व्हर्निअर. घरी आल्यावर त्यांनी भिंतीला टेकवून एक कोरा कागद जमिनीवर ठेवला. लेकीला टाच भिंतीला लावून दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं केलं, आणि सगळ्यात लांब बोटापुढं पेन्सिल उभी धरून रेघ मारली. उजवं पाऊल १६८ मिलिमीटर भरलं, डावं १७१. दोन पावलं सहसा तंतोतंत सारखी नसतातच, म्हणून मोठ्या पावलाचं माप धरायचं. आणि माप संध्याकाळी घ्यायचं, कारण दिवसभराच्या खेळण्यानं पाय जरा फुगतो.

त्या रात्री त्यांनी मला कागदावर जे मांडून दाखवलं, ते तुम्हालाही सांगते. युरोपीय पद्धतीत बुटाचं एक माप म्हणजे सेंटिमीटरचे दोन तृतीयांश, साधारण ६.७ मिलिमीटर. इंग्लिश पद्धतीत एक माप म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, जवळपास साडेआठ मिलिमीटर. मी युरोपीय दोन मापं मोठा बूट घेतला होता, म्हणजे १३ मिलिमीटर पोकळी. "आमच्याकडे एवढ्या फरकाचा पार्ट सरळ रिजेक्ट होतो," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "आणि ही बिचारी त्याच्यावर उभी राहत होती." तीन ते सहा वर्षांच्या वयात पाऊल महिन्याला साधारण एक मिलिमीटर वाढतं. म्हणजे अंगासरशी घेतलेला बूटही पाच-सहा महिने जातो. तेवढंच त्याचं आयुष्य. वाढीला जागा ठेवायचीच असेल, तर चिमटीत कापडाची एक चुणी येईल इतकीच, चार-पाच मिलिमीटर. त्यापुढं नाही.

दुकानात गेलात, तर आणखी एक गोंधळ होईल. बॅलेचे बूट मागितले की पुष्कळ ठिकाणी "बेली" समोर येते. चकचकीत, पुढं बो लावलेली, खाली कडक तळ. ती लग्नाला घालायची चप्पल आहे, नाचायचा बूट नव्हे. आकार बॅलेच्या बुटावरून उचललेला, म्हणून नाव तसं पडलं. खरा बॅलेचा बूट हातात घेऊन ओळखता येतो. तो दोन्ही टोकांनी धरून वाकवा, मुठीत सहज दुमडला पाहिजे. त्याला टाच नसते. तळाला पातळ चामडं असतं आणि कडेनं बारीक दोरी ओवलेली असते. आपल्या भागात असे बूट प्रत्येक दुकानात मिळत नाहीत, त्यामुळे बहुतेक जण ऑनलाइन मागवतात. तसं करायला हरकत नाही. फक्त वय बघून माप निवडू नका, मिलिमीटर बघून निवडा. कंपनीचा तक्ताही तपासा, कारण बॅलेच्या बुटाचं माप रोजच्या बुटाच्या मापाशी जुळतंच असं नाही. बूट आला की आधी सतरंजीवर घालून बघा. तळ मळला की परत करता येत नाही.

घातल्यावर तीन गोष्टी करून घ्या. आधी सपाट उभं राहू द्या आणि वरून हात फिरवून बघा, बोटं सरळ आहेत ना. मग चवड्यांवर उभं राहू द्या. टाचेमागं कापडाची पिशवी झाली, तर बूट मोठा. शेवटी पाय पुढं ताणायला सांगा आणि आत बोटं हलवायला सांगा. हलली नाहीत, तर बूट लहान. हे सगळं गप्पा मारत करा, परीक्षा घेतल्यासारखं नको.

तळ अखंड घ्यावा की मध्ये तुटलेला, हा प्रश्न हमखास येतो. लहान मुलांना अखंड तळच बरा. त्याला वाकवताना पायाला थोडा जोर लावावा लागतो आणि त्यातूनच तळपायाचे स्नायू घडतात. मोठ्या मुलींच्या पायात दोन तुकड्यांचा तळ दिसतो, तो पाय तयार झाल्यावरचा. वरचा भाग चामड्याचा घेतला तर जास्त टिकतो, कापडाचा घेतला तर धुता येतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद पिशवीत राहिलेल्या चामड्याला चार दिवसांत बुरशी धरते, म्हणून वर्गातून आल्यावर बूट पंख्याखाली ठेवा, उन्हात नको. सॅटिनचे बूट फोटोत सुंदर दिसतात, पण रोजच्या सरावाला ते गुळगुळीत पडतात आणि लवकर झिजतात. कडेची दोरी हलकी आवळायची, गाठ मारायची आणि टोकं आत खोचायची. वर बो बांधायचा नाही, पाय अडकतो. वरचा इलॅस्टिकचा पट्टा बूट पायात घालूनच कुठं शिवायचा ते ठरवा. टाचेच्या वरच्या शिरेवर काहीही रुतता कामा नये.

आणि हे बूट घालून जिना उतरू देऊ नका, स्कूटरवर बसू देऊ नका. आपल्या रस्त्यांवरची बारीक कच एकदा तळात रुतली, की वर्गाची फरशीही ओरखडते आणि पायही सटकतो. कापडी पिशवी शिवा, बूट त्यात ठेवायचे आणि वर्गाच्या दारात घालायचे.

बुटाइतकंच फरशीकडे बघा. आपल्याकडे बरेचसे वर्ग सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये भरतात. तिथं खाली चकाकणारी टाइल, तिच्याखाली काँक्रीट. नाचाची खरी जमीन लाकडी असते, तिच्याखाली थोडी पोकळी असते आणि उडी मारल्यावर ती किंचित दबते. त्यावर न घसरणारं विनाइल अंथरतात. प्रत्येक वर्गाला ते परवडणार नाही, हे मला कळतं. पण निदान टाइलवर जाड मॅट आहे का, आणि उड्या मर्यादेत ठेवतात का, हे विचारा. चांगल्या शिक्षिकेला असा प्रश्न आवडतो.

आता जे बोलायचं आहे ते जरा नाजूक आहे. वर्षभर वर्ग झाला की नातेवाईक विचारतात, "टोकावर कधी उभी राहणार?" १८३२ साली पॅरिसमध्ये मारी तालिओनी 'ला सिल्फीद' या बॅलेत पायाच्या टोकांवर नाचली, तेव्हापासून बॅले म्हटलं की जगाला तेच चित्र दिसतं. त्या बुटांना पॉइंट शूज म्हणतात. कापडाचे आणि कागदाचे थर खळीनं चिकटवून त्यांचं टोक कडक केलेलं असतं, आणि सगळ्या शरीराचा भार तळहाताहूनही लहान जागेवर येतो. सात-आठ वर्षांच्या मुलीच्या पावलाची हाडं अजून पक्की झालेली नसतात, त्यांत कूर्चा असते. म्हणून जाणत्या शिक्षिका साधारण अकरा-बारा वर्षांपर्यंत थांबतात. आधी तीन-चार वर्षांचा नियमित सराव आणि घोट्यात, पोटात पुरेशी ताकद, हे बघूनच परवानगी देतात. हे बूट ऑनलाइन कुणालाही मिळतात, म्हणून कळकळीनं सांगते, हौसेनं मागवू नका. कथक शिकवणाऱ्या आपल्या गुरू हेच करत आल्या. लहान मुलीच्या पायात आधी मोजकेच घुंगरू बांधायचे आणि पायात बळ येईल तसे वाढवायचे. शंभराचा चाळ पहिल्या दिवशी कुणी बांधत नाही.

उशीर होईल ही भीतीही काढून टाका. मुंबईत येहुदा माओर या शिक्षकांकडे अमीरुद्दीन शाह आणि मनीष चौहान ही दोन मुलं बॅले शिकली. एक वेल्डरचा मुलगा, दुसरा टॅक्सीचालकाचा. दोघांनीही बॅले सुरू केलं ते बालवाडीच्या वयात नव्हे, चांगलं मिसरूड फुटायच्या वयात. अमीरुद्दीन २०१७ साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये दाखल झाला. या दोघांच्या आयुष्यावर सूनी तारापोरवाला यांनी 'ये बॅले' हा चित्रपट केला, तो २०२० साली आला, आणि त्यात मनीषनं स्वतःवरच बेतलेली भूमिका केली. वेल्डिंगचा चष्मा आणि सेफ्टी शूज ज्या घरांत रोज दारामागं टांगलेले असतात, त्या आपल्या घरांनी ही दोन नावं लक्षात ठेवावीत. मुलगा बॅले शिकतो म्हणाला, तर त्याला हसू नका. त्याच्यासाठी काळे किंवा पांढरे बूट मिळतात, आणि माप घ्यायची रीत तीच.

बूट छोटे झाले की काय करायचं, हेही सांगते. रोजच्या बुटाला एका पायाचा आकार बसलेला असतो, म्हणून तो दुसऱ्या मुलाला देऊ नये असं म्हणतात. बॅलेचा मऊ बूट धुऊन, दोरी बदलून खुशाल देता येतो, तळ फाटला नसेल तर. आमच्या वर्गातल्या आयांनी एक खोकं ठेवलं आहे. प्रत्येक बुटाच्या आत मिलिमीटर लिहिलेले असतात. सहा महिन्यांनी नवा जोड घेणं सगळ्यांना झेपत नाही, आणि तेवढ्यासाठी एखाद्या पोरानं वाढत्या मापाचा बूट ओढत फिरू नये.

त्या दिवसानंतर मी आणखी एक गोष्ट तपासली. लेकीच्या बुटात मी जागा ठेवली होती, तशीच तिच्या नाचातही ठेवली होती. पहिल्या आठवड्यातच मी नातेवाइकांना स्पर्धा, परीक्षा आणि स्टेजच्या गोष्टी सांगत होते. तिला मात्र फक्त गिरकी घ्यायची होती. त्या आमच्या स्वप्नातही ती बोटं आवळूनच उभी असेल का, हा प्रश्न मला पुढं बरेच दिवस पडत राहिला.

आता दर दोन महिन्यांनी कागद भिंतीला लागतो. बाबा सेकंड शिफ्टला असले की पेन्सिल मी धरते. जमिनीवर गुडघे टेकते, बुटावरून हात फिरवते आणि विचारते, "कुठं लागतंय का गं?" पूर्वी ती नुसती मान हलवायची. परवा म्हणाली, "डाव्या अंगठ्याला थोडंसं." मी मोजून बघितलं. तिचं बरोबर होतं.