मताचे मोल

हुसेनसागराच्या काठी माजी पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांची समाधी आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेणारे हे विद्वान आम्हां हैदराबादच्या मराठी मंडळींना आपलेच वाटतात. म्हणून त्यांच्या काळातील पुढील प्रकरण अभ्यासताना आम्हांस थोडा संकोच होतो.

१९९१ साली आलेल्या त्यांच्या सरकारापाशी स्वतःचे बहुमत नव्हते. २८ जुलै १९९३ रोजी अविश्वासाचा ठराव २५१ विरुद्ध २६५ मतांनी फेटाळला गेला. त्यासाठी झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना पैसे दिल्याचा आरोप पुढे झाला. १९९६ च्या निवडणुकीत सरकार गेले. त्यास भ्रष्टाचाराच्या आरोपांचाही हातभार लागला. २००० साली विशेष न्यायालयाने राव यांना दोषी ठरविले, २००२ साली दिल्ली उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले.

विचार करण्याजोगा भाग निराळाच आहे. सभागृहातील भाषणाबद्दल वा मताबद्दल खासदारावर खटला चालू नये, असे घटनेचे १०५ वे कलम सांगते; हेतू हा की, त्याने निर्भयपणे बोलावे. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने याचा अर्थ असा लावला की, पैसे घेऊन मत देणारास संरक्षण, आणि पैसे घेऊनही मत न देणारा मात्र आरोपी! म्हणजे सौद्यास जागला त्याला अभय! विद्यार्थिमित्रांनो, हा निर्णय पंचवीस वर्षांहून अधिक काळ टिकला. ४ मार्च २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्यासह सात न्यायाधीशांच्या पीठाने तो एकमताने रद्द केला. लाच स्वीकारताच गुन्हा पुरा होतो, मग मत कसेही पडो.