वैयक्तिक स्वच्छता आणि सार्वजनिक आरोग्य

स्वच्छता ही ज्याच्या त्याच्या आवडीची बाब होय, असा समज आजही आढळतो. पुणे शहराचा अनुभव मात्र वेगळा आहे. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी याच शहरात गेला आणि शाळा, महाविद्यालये व चित्रपटगृहे काही दिवस बंद ठेवावी लागली. ९ मार्च २०२० रोजी राज्यातील कोविडचे पहिले रुग्णही पुण्यातच आढळले. दोन्ही वेळी हात धुणे व खोकताना तोंड झाकणे या साध्या सवयींवर मोठा भर द्यावा लागला.

या सवयींमागील कार्यकारणभाव समजून घेणे अगत्याचे आहे. नुसत्या पाण्याने हातावरील तेलकट थर पुरता निघत नाही आणि जंतू त्यालाच चिकटून राहतात. साबणाने हा थर सुटतो. फ्लू व कोविड यांच्या विषाणूंचे स्निग्ध आवरणही फुटते. त्यासाठी तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे व नखांच्या कडा किमान २० सेकंद चोळाव्या लागतात. शौचानंतर, स्वयंपाकापूर्वी आणि जेवणापूर्वी हा नियम चुकता कामा नये. वाढलेली नखे, घरातील सर्वांनी मिळून वापरलेला एकच टॉवेल आणि तोंड न झाकता शिंकणे या अपायकारक सवयी होत.

काही वाईट सवयी स्वच्छतेचा वेष घेऊन येतात. दात घासण्यासाठी वापरली जाणारी मिश्री हे त्याचे ठळक उदाहरण. मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. तिने तंबाखूचे व्यसन जडते व मुखाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तंबाखूबरोबर थुंकणेही ओघाने येते. नोव्हेंबर २०१८ मध्ये पुणे महानगरपालिकेने रस्त्यावर थुंकणाऱ्यांना दंड केला, शिवाय त्यांची थुंकी त्यांनाच पुसावयास लावली. तथापि दंडाच्या भीतीने लागलेले वळण पथक दिसेनासे होताच सुटण्याचा संभव असतो. बालपणी अंगवळणी पडलेली सवय अधिक टिकाऊ ठरते.

या दृष्टीने शिक्षकांची जबाबदारी मोठी आहे. परंतु ती एकट्या शिक्षकांची नाही. शाळेच्या नळाला पाणी नसेल आणि नळापाशी साबण नसेल, तर फळ्यावरचा धडा फळ्यावरच राहतो. न धुतलेल्या हातांबद्दल मुलांना बोल लावण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी व पंचायत सदस्यांनी आपल्या गावच्या शाळेतील नळ एकदा स्वतः सोडून पाहणे इष्ट ठरेल.