पाचवा हिस्सा आणि उरलेले चार

शास्त्रपाठ : उत्पत्ती ४१:३३-५२, ४७:२३-२६



२०१९ च्या ऑगस्ट महिन्यात कबिनी नदीचे पाणी चढले आणि म्हैसूरहून नंजनगूडला जाणारा रस्ता बंद झाला. त्याच दिवसांत सांगली-कोल्हापूरही पाण्यात होते. म्हैसुरातील आमचे घर उंचावर आहे. तेथे पाणी शिरले नाही, पण भय शिरले. मी पत्र्याची एक मोठी पेटी आणली, तीत तांदूळ, डाळ, औषधे, विजेरी भरली आणि कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवली. रोज रात्री भाषांतराचे काम आटोपले की मी यादी तपासू लागलो. जेवताना बोलणे पुराचे, निजतानाही पुराचेच. एके रात्री धाकटी कन्या वही घेऊन बराच वेळ दारात उभी राहिली आणि काही न विचारताच परत गेली. हे पत्नीने दुसऱ्या दिवशी सांगितले, तेव्हा मला कळले.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली तेव्हा पेटी उघडली. डाळीला भुंगा लागला होता आणि विजेरीचे सेल गळले होते. संकट भलत्याच दिशेने आले होते आणि माझ्या तयारीने आमच्या कितीतरी संध्याकाळी मात्र खाऊन टाकल्या होत्या. तेव्हापासून योसेफाचा वृत्तांत मी निराळ्या दृष्टीने वाचू लागलो.

१. तयारीला माप असावे

तयारी करणे हा अविश्वास नव्हे. ज्या म्हैसूर संस्थानात १८७१ च्या जनगणनेत सुमारे ५० लाख माणसे होती, तेथे १८८१ साली सुमारे ४२ लाखच उरली. मधल्या काळात १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ होऊन गेला होता. असे दिवस येतात, हे पवित्र शास्त्र लपवीत नाही.

योसेफाने फारोला सुचविले की, सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा घ्यावा. मूळ इब्री क्रियापद ‘पाच’ या अंकाशी जोडलेले आहे. निर्गम १३:१८ मध्ये त्याच तीन अक्षरांचा शब्द येतो आणि त्याचे भाषांतर बहुधा ‘सज्ज’ असे होते. म्हणून योसेफाच्या सूचनेतही काही अभ्यासक ‘देश सज्ज करावा’ असा अर्थ पाहतात. ‘पाचवा हिस्सा’ हा अर्थ घेतला तर एक गोष्ट दिसते : देवाने दाखविलेल्या निश्चित संकटासाठीही योसेफाने तयारीला माप ठेवले.

उरलेले चार हिस्से कशासाठी? सत्तेचाळिसाव्या अध्यायात पुन्हा पाचव्या हिश्शाचा नियम येतो. तेथे योसेफ चार हिस्से बियाण्यासाठी, अन्नासाठी, घरच्या माणसांसाठी आणि मुलाबाळांसाठी ठेवावयास सांगतो. त्याच अध्यायात लोकांच्या जमिनी फारोच्या झाल्या, हेही आपण विसरू नये. साठा हाती असलेल्याने सावध राहावे. पण मुलाबाळांचा वाटा योसेफाने मोजून बाजूला ठेवविला. आम्ही तो ठेवतो काय?

२. दुष्काळापूर्वी दोन पुत्र

आता ४१:५० पाहा. कोठारे भरण्याच्या वृत्तांतात लेखक मध्येच थांबतो आणि सांगतो की, दुष्काळाचे वर्ष येण्यापूर्वी योसेफाला दोन पुत्र झाले. साऱ्या मिसर देशाची जबाबदारी ज्याच्या शिरावर होती, त्याच्या घरी पाळणा हलत होता. त्याने एकाचे नाव मनश्शे ठेवले. त्यात मागील क्लेश विसरण्याचा अर्थ आहे. दुसऱ्याचे नाव एफ्राईम. त्यात फलद्रूप होण्याचा अर्थ आहे. पुढे काय येणार हे तो सर्वांहून अधिक जाणत होता. तरी मुलांना त्याने दुष्काळाचे नाव दिले नाही.

३. केडगावची जमीन

पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दक्षिणेतील दुष्काळात दगावले. भूक काय असते हे त्यांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती. शारदा सदनाच्या नित्य खर्चाला हातभार लागावा म्हणून त्यांनी केडगाव येथे जमीन घेऊन फळबाग लावली. पुढे १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा तेथून आणलेल्या शेकडो मुली व स्त्रियांना याच जमिनीवर आसरा मिळाला. नित्याच्या उपजीविकेसाठी केलेली व्यवस्था संकटात आश्रयस्थान झाली. तेथे केवळ जीव जगविणे चालले नाही. मुली शिकल्या, त्यांनी हातमाग चालविले, आणि रमाबाईंनी मूळ भाषांतून केलेल्या बायबलच्या भाषांतराची छपाईही तेथील स्त्रियांच्या हातून झाली.

४. आपल्या घरात

आमची कुलपाची पेटी आता नाही. थोडे अधिक धान्य स्वयंपाकघरातच असते. जुने आधी वापरतो आणि तितकेच नवे आणतो. कागदपत्रे, नेहमीची औषधे आणि विजेरी एका पिशवीत, सर्वांना ठाऊक असलेल्या खुंटीवर आहेत. महिन्यातून एका शनिवारी अर्धा तास ती पिशवी तपासतो. गॅस कोणी बंद करावा, आजींना कोणी सांभाळावे, शेजारी कोणाला हाक मारावी, हे ठरलेले आहे. हे काम धाकटीनेच आपल्याकडे घेतले आहे. अर्धा तास संपला की त्या दिवशी संकटाचा विषय बंद.

रानातील मान्न्याचीही हीच शिस्त होती. सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करावयाचे आणि सातव्या दिवशी विसावा घ्यावयाचा. इतर दिवशी साठविलेले मात्र नासत असे. उद्याची चिंता करू नका, असे प्रभूने सांगितले ते काम टाळण्यासाठी नव्हे, तर काम झाल्यावर ते पित्याच्या हाती सोडता यावे म्हणून.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या घरात तयारीचा ‘पाचवा हिस्सा’ कोणता? तो मुळीच नाही, की पाचही हिस्से त्यातच जात आहेत?

२. आपल्या भयामुळे घरातील कोणी न बोलताच दारातून परत गेले आहे काय? आज रात्री त्याला आपण होऊन हाक माराल काय?